बाईंना काय झाले?

दिवाळीच्या साफसफाईत माझ्या वाट्याला दरवर्षी पुस्तकांचे कपाट येते. हे काम माझ्यावर मोठ्या विश्वासाने सोपवलेले असते असा गैरसमज कृपा करून करून घेऊ नका. स्वयंपाकघरातल्या काचेच्या बरण्या प्राध्यापकाच्या हाती देण्यापेक्षा पुस्तके देणे कमी नुकसानीचे, एवढाच त्यामागे विचार. सकाळी नऊला मी फडके घेऊन स्टुलावर चढतो. बाराच्या सुमारास सौ. डोकावते तेव्हा फडके स्टुलावर असते आणि मी खाली फरशीवर. "एक तरी कप्पा झाला का?" असे ती विचारते. मी पानात बोट घालून "झालाच" असे म्हणतो. एवढे झाले की दिवाळी जवळ आली असे आमच्या घरात समजतात.

यंदा मी अडकलो तो तिसऱ्या कप्प्यात. हा कप्पा माझा नव्हे, आईचा आहे. आई नोकरीला होती फोर्टमधल्या एका कचेरीत. दुपारच्या सुटीत डबा लवकर आटोपून ती फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरच्या पुस्तकवाल्यांकडे जाई आणि अॅगाथा क्रिस्टीची जुनी पुस्तके घेऊन येई. वाचून परत दिले तर अर्धे पैसे परत, असा तिथला रिवाज. आईने एकही पुस्तक परत दिले नाही. फॉन्टानाच्या त्या कागदी बांधणीच्या प्रती आता इतक्या पिवळ्या पडल्या आहेत की हातात घेताना पापडाची आठवण होते.

आमच्या घरात अॅगाथा क्रिस्टीला तिच्या नावाने कोणी हाक मारीत नसे. तिला 'बाई' म्हणत. शाळेत बाई असतात तशा बाई. "बाईंचं नवीन काही मिळालं का?" असे शेजारच्या काकू आईला विचारीत, तेव्हा मला लहानपणी वाटे की या बाई दादरला कुठेतरी राहत असाव्यात आणि सवडीने लिहीत असाव्यात.

आईला एक सवय होती. पुस्तक संपले की शेवटच्या कोऱ्या पानावर ती पेन्सिलीने तारीख घाली आणि एका ओळीचा शेरा लिही. 'पान १३२ वर ओळखला.' 'ओळखली, पण कारण चुकले.' 'नाही ओळखता आले. शाब्बास, बाई!' मी वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासतो आहे, पण इतके नेमके शेरे मला अजून लिहिता आलेले नाहीत.

यंदा हाती आलेल्या पुस्तकावरचा शेरा मात्र वेगळा होता. पुस्तकाचे नाव 'पोस्टर्न ऑफ फेट'. खाली लिहिले होते, 'दिवाळी १९७७. निराशा. बाईंना काय झाले?'

आता ज्यांना या जातीच्या रहस्यकथांची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. इंग्रजीत या कथांना 'कोझी' म्हणतात. चहाच्या किटलीवर ऊब टिकावी म्हणून जी लोकरीची टोपी घालतात, तिलाही 'कोझी'च म्हणतात, आणि माझ्या मते यापेक्षा चांगली व्याख्या कोणत्याही समीक्षकाने केलेली नाही. एक लहानसे इंग्रजी गाव असते. तिथे एक चर्च, एक पोस्ट, चार बागा आणि पुष्कळ रिकामा वेळ असतो. खून होतो, पण तो आपल्या डोळ्यांदेखत होत नाही. रक्त सांडते ते गालिच्यावर आणि गालिचा दुसऱ्याचा असतो. मग कोणीतरी निरुपद्रवी माणूस, एखादी विणकाम करणारी म्हातारी किंवा मिशांना मेण लावणारा ठेंगणा बेल्जियन, चहा पीत पीत गुन्हेगार शोधून काढतो. गाव पुन्हा पहिल्यासारखे होते. पुस्तक मिटून आपण दिवा मालवतो आणि खुनाची गोष्ट वाचूनही शांत झोपतो.

ही गोष्ट सोपी नाही. आमच्या बाबांना ती कधीच कळली नाही. बाबा बाबूराव अर्नाळकरांचे भक्त. झुंजार आणि काळा पहाड यांच्यापुढे त्यांना बाकीचे जग मिळमिळीत वाटे. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि बाबांनी त्यातल्या निदान निम्म्या तरी वाचल्या असाव्यात. त्यांचा कधी अपेक्षाभंग झाला नाही, कारण गोष्ट पळाली पाहिजे एवढीच त्यांची अपेक्षा. आईचे तसे नव्हते. मालिकेतले नवे पुस्तक उघडणे म्हणजे तिला मे महिन्यात मामाच्या गावी जाण्यासारखे होते. ओटी तीच हवी, विहीर तीच हवी, मामीने कपाळावर हात ठेवून "वाळलीस ग" म्हटले पाहिजे. आणि तरी या खेपेला काहीतरी नवे घडले पाहिजे. जुने सगळे तसेच ठेवून रोज नवे काही देणे किती कठीण असते हे ज्या गृहिणी वर्षाचे बाराही महिने डाळभाताचा स्वयंपाक करतात त्यांना मी सांगायला नको.

बाईंनी हे अर्धे शतक केले. पहिले पुस्तक १९२० साली निघाले. एकूण ६६ रहस्यकादंबऱ्या झाल्या. पुढेपुढे तर दर वर्षी नाताळच्या सुमारास एक नवे पुस्तक हा शिरस्ताच झाला. 'नाताळला क्रिस्टी' अशी जाहिरातच प्रकाशक करीत. (याचे भाषांतर माझ्या एका विद्यार्थ्याने 'नाताळला ख्रिस्ती' असे केले होते. तो अगदीच चुकला असे म्हणवत नाही.) आपल्याकडे दिवाळी अंक यावा तसे हे पुस्तक तिकडे येई, घराघरांत वाचले जाई आणि त्यावर वाद होत. अशा वाचकांची निराशा ही साध्या गिऱ्हाइकाची निराशा नसते. बाजारातून आणलेला आंबा आंबट निघाला तर आपण आंबेवाल्याला नावे ठेवतो. पण आजोळच्या झाडाचा आंबा आंबट निघाला तर आपण घाबरतो आणि झाडाला काय झाले म्हणून विचारतो.

'पोस्टर्न ऑफ फेट' ऑक्टोबर १९७३ मध्ये निघाले, तेव्हा बाईंना नुकतीच ८३ वर्षे पूर्ण झाली होती. पोस्टर्न म्हणजे तटबंदीतला लहान आडदरवाजा. आपल्या किल्ल्यांना चोरदरवाजा असतो तसा. म्हणजे या नावाचे मराठी 'दैवाचा चोरदरवाजा' असे होईल आणि असे नाव असलेल्या पुस्तकाकडून कोणीही पुष्कळ अपेक्षा करील.

हे पुस्तक टॉमी आणि टपेन्स यांचे आहे. बाईंच्या जोड्यांत ही जोडी मला सर्वांत प्रिय. १९२२ साली 'द सीक्रेट अॅडव्हर्सरी'मध्ये ही दोघे पहिल्यांदा भेटतात तेव्हा पहिले महायुद्ध नुकतेच संपलेले असते, दोघांनाही नोकरी नसते, खिसे रिकामे असतात आणि दोघांची वये मिळवली तरी पंचेचाळीस भरत नाहीत. तेव्हा काय करायचे, तर साहस करायचे! पैसे घेऊन साहस करून मिळेल अशी जाहिरात द्यायची! १९२९ च्या कथासंग्रहात त्यांचे लग्न झालेले आहे. १९४१ च्या 'एन ऑर एम?'मध्ये मुले मोठी झाली आहेत आणि दुसऱ्या युद्धात आपल्याला कोणी काम देत नाही म्हणून दोघे चडफडत आहेत. १९६८ च्या पुस्तकात ती म्हातारी झालेली दिसतात. हे पुस्तक तर, त्या दोघांचे पुढे काय झाले असे विचारणाऱ्या वाचकांनाच बाईंनी अर्पण केले आहे.

इथे एक गंमत ध्यानात घ्या. पॉयरो कधी म्हातारा होत नाही. पहिल्या पुस्तकातच तो निवृत्त झालेला पोलीस अधिकारी आहे, त्यामुळे हिशेब केला तर शेवटी त्याचे वय शंभराच्या पुढे जाते. मिस मार्पल पहिल्यापासूनच म्हातारी. बाईंच्या मानसपुत्रांत खरोखरी वय वाढत गेले ते या दोघांचे, आणि ते बाईंच्या वयाबरोबर वाढले.

मी हे शेवटचे पुस्तक मुद्दाम शिल्लक ठेवले होते. ताटातला शेवटचा मोदक आपण ठेवतो तसे. १९९६ च्या मे महिन्यात दहावीची परीक्षा देऊन मी मोकळा झालो आणि आईच्या कप्प्यातून ते काढले. शेवटचे पान आधी उघडायचे नाही हा आमच्या घरचा कायदा असल्यामुळे आईचा शेरा मला दिसला नव्हता. आई मात्र इतकेच म्हणाली, "ते राहू दे की. दुसरं वाच."

सुरुवात अशी, की असे वाटावे मोदक सारणाने गच्च भरला आहे. म्हातारी टॉमी-टपेन्स एका गावात जुने घर विकत घेतात. घराबरोबर जुनी पुस्तकेही मिळतात. ती लावताना (टपेन्सचेही माझ्यासारखेच आहे, एक कप्पा लावायला सकाळ जाते) तिला स्टीव्हन्सनच्या 'द ब्लॅक अॅरो'मध्ये काही अक्षरांखाली रेघा दिसतात. ती अक्षरे जोडली तर निरोप निघतो, की मेरी जॉर्डन नावाच्या बाईचे मरण नैसर्गिक नव्हते आणि मारणारा आमच्यापैकीच कोणीतरी आहे. निरोप लिहिणारा एक लहान मुलगा, फार वर्षांपूर्वी त्याच घरात राहिलेला. मी आनंदाने पाय पोटाशी घेतले आणि पुढे वाचू लागलो.

पुढे काय झाले? काहीच झाले नाही. माणसे येतात आणि बोलतात. तेच पुन्हा बोलतात. टपेन्स टॉमीला सांगते, टॉमी एका कर्नलला सांगतो, कर्नल आणखी कोणाला तरी सांगतो, आणि आपल्याला ते पहिल्यापासूनच ठाऊक असते. प्रत्येकाला काहीतरी अंधूक आठवते, पण कोणालाच नीट आठवत नाही. वर्षे जुळत नाहीत. मध्येच बागेतला म्हातारा माळी मारला जातो आणि चार पानांत सगळे त्याला विसरतात. गुन्हेगाराचा सुगावा शेवटी लावतो तो हॅनिबल नावाचा कुत्रा. रहस्यकथेचे रहस्य फोडू नये हा शिष्टाचार मी पाळतो, परंतु इथे तो पाळण्याचे श्रेय मला घेता येत नाही. फोडायचे तर रहस्य आधी सापडायला हवे, आणि मेरी जॉर्डनला नक्की कोणी मारले हे पुस्तक संपल्यावरही मला नीट सांगता येत नाही.

मला सर्वांत जास्त राग आला तो एका प्रसंगाचा. घराला लागून काचेची एक मोडकी खोली आहे, तिला 'केके' म्हणतात. तिथे जुनी खेळणी पडली आहेत. मॅथिल्ड नावाचा एक झुलणारा घोडा आणि ट्रूलव्ह नावाची, पुढे रंगीत घोडा असलेली एक लहान गाडी. आणि सत्तरी ओलांडलेली टपेन्स, खुनाचा तपास सोडून, त्या गाडीवर बसून बागेतल्या उतारावरून सुटते! पानेच्या पाने. मी सोळा वर्षांचा होतो. सोळाव्या वर्षी माणूस म्हाताऱ्यांच्या बाबतीत फार कडक असतो. पुस्तक मिटून मी आईला विचारले, "हे काय आहे?" आईने मला शेवटचे पान दाखवले.

निराशा झालेला वाचक काही नवीन नाही. कॉनन डॉइलने १८९३ साली होम्सला दरीत ढकलले आणि दहा वर्षांनी वर काढले, तेव्हा एका नावाड्याने त्याला सांगितले म्हणे, की होम्स पडून मेला नसेल, पण त्यानंतर तो पहिला माणूसही राहिला नाही. डॉइलनेच ही गोष्ट हसत सांगितली आहे. डॉइल हसू शकला, कारण तो होम्सला कंटाळलेला होता. बाईंचे तसे नव्हते, निदान या जोडीच्या बाबतीत नव्हते. मग काय झाले?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला एम.ए. झाल्यावर मिळाले. नोकरी नव्हती, ग्रंथालयाची वर्गणी मात्र भरलेली होती, आणि अशा अवस्थेत माणूस आत्मचरित्रे वाचतो. बाईंचे आत्मचरित्र त्यांच्या मृत्यूनंतर १९७७ साली निघाले. आईने तो शेरा लिहिला त्याच वर्षी! त्यात टॉर्की गावातल्या 'अॅशफील्ड' या त्यांच्या लहानपणच्या घराचे वर्णन आहे. वाचता वाचता मी ताडकन उठून बसलो. घराला लागून काचेची एक लहान खोली होती. तिला 'केके' म्हणत आणि का म्हणत हे बाईंनाही ठाऊक नव्हते. तिथे मोडक्या खुर्च्या आणि खेळाचे जुने सामान पडलेले असे. एक झुलणारा घोडा होता, त्याचे नाव मॅथिल्ड. आणि उतारावरून सोडायची एक गाडी होती. तिचे नाव ट्रूलव्ह.

म्हणजे १९७३ च्या त्या पुस्तकातले घर टॉमी-टपेन्सने विकत घेतलेले नव्हतेच. ते अॅशफील्ड होते. बाईंनी ते विकून टाकले होते आणि पुढे ते पाडलेही गेले. ऐंशी ओलांडलेल्या बाई रहस्यकथा लिहायला बसल्या आणि लिहिता लिहिता घरी निघून गेल्या. अर्पणपत्रिकेत हॅनिबल आणि त्याचा धनी यांचे नाव आहे. कुत्रासुद्धा घरचाच होता!

एवढे कळल्यावर पुस्तक चांगले झाले का? नाही झाले. कृपावंत गुण देण्याची सोय विद्यापीठात असते, साहित्यात ती आणू नये असे माझे मत आहे. ज्याने दाम मोजून रहस्यकथा घेतली त्याला रहस्य मिळालेच पाहिजे, आणि ते मिळाले नाही हे म्हणण्याचा त्याला अधिकार आहे. माझा रोख दुसरीकडे आहे. नाताळला क्रिस्टी हवी म्हणून त्या वयात त्यांच्याकडून पुस्तक घेतले गेले, ते तसेच छापले गेले आणि ते खपलेही. पुढच्या वर्षी नवी कादंबरी आली नाही, जुन्याच कथांचा संग्रह आला. १९७५ साली आले 'कर्टन', पॉयरोचे शेवटचे पुस्तक, अगदी पहिल्या धारेचे! बाई पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या असे कोणाला वाटले असेल तर नवल नाही. पण ते पुस्तक त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून कुलपात ठेवले होते. आपण पन्नाशीच्या आसपास असताना, हात चांगला चालतो आहे तोवर, त्यांनी शेवटाची तरतूद करून ठेवली होती. घरातली शहाणी बाई लेकीच्या लग्नाचे सोने आधीच करून ठेवते तशी. सोने म्हणालो ते उगीच नाही. 'कर्टन'चे हक्क त्यांनी मुलीच्याच नावे केले होते. १२ जानेवारी १९७६ रोजी बाई गेल्या.

उरलेले अर्धे उत्तर मिळायला मला २००९ सालापर्यंत थांबावे लागले. कॅनडातल्या टोरोंटो विद्यापीठातल्या इयन लँकाशर आणि ग्रॅम हर्स्ट या दोन अभ्यासकांनी बाईंच्या कादंबऱ्या संगणकाला वाचायला दिल्या. प्रत्येक पुस्तकातले पहिले ५०,००० शब्द घेतले आणि मोजले. एकूण वेगळे शब्द किती, तेच वाक्प्रचार किती वेळा, आणि 'गोष्ट', 'काहीतरी', 'काहीही' असले मोघम शब्द किती. वय वाढले तसे वेगळे शब्द कमी होत गेले, पुनरुक्ती वाढली आणि मोघम शब्द वाढले. ६३ व्या वर्षी लिहिलेल्या कादंबरीशी तुलना केली तर १९७२ च्या 'एलिफंट्स कॅन रिमेंबर'मध्ये शब्दसंपत्ती सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली होती. 'पोस्टर्न ऑफ फेट' त्याच्या पुढच्या वर्षीचे. बाईंना स्मृतिभ्रंश होऊ लागला असावा असा या अभ्यासकांचा कयास आहे. हयातीत तसे निदान झाल्याची नोंद नाही. सगळ्यांचेच असे होते असेही नाही. पुढे याच विद्यापीठात पी. डी. जेम्स या दुसऱ्या रहस्यकथाकार बाईंची पुस्तके मोजली, तर त्यांचे शब्द म्हातारपणीही टिकून होते.

भाषेचा मास्तर म्हणून तो अहवाल मी मोठ्या उत्साहाने वाचला. वर्गात सांगितलाही. शब्द हे माणसाचे धन आहे वगैरे चार टाळीची वाक्येही त्याला जोडली. तेव्हा मी तिशीचा होतो आणि आई अजून शब्दकोडे शाईने सोडवीत असे.

आईला यंदा सत्त्याहत्तरावे लागले. ती आमच्याजवळच असते. तब्येत उत्तम. चकलीच्या भाजणीचे प्रमाण ती अजून कागद न पाहता सांगते. पण परवा फराळाला सुरुवात झाली तेव्हा तिने सौ.ला विचारले, "अग, ते हे कुठं ठेवलंयस? ते आपलं... पिळायचं?" सौ.ने काही न बोलता सोऱ्या तिच्या हातात दिला. त्यात विशेष काही नाही. 'ते हे' कोण म्हणत नाही? आमचे प्राचार्य भाषणात दर वाक्याला म्हणतात. पण मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत होतो आणि त्या संध्याकाळी मी मोजले. साडेसात ते नऊ एवढ्या वेळात आई अकरा वेळा 'ते हे' म्हणाली. मोजता मोजता मला स्वतःचीच लाज वाटली आणि मी पेपरांकडे वळलो. जेवताना तिने वाईच्या आजोबांच्या घरातल्या झोपाळ्याची गोष्ट सांगितली. त्या झोपाळ्याच्या कड्या पितळेच्या होत्या आणि एक कडी माकडाने पळवली होती. या महिन्यात ती चौथ्यांदा सांगत होती. माझी लेक "आजी, हे तू..." असे म्हणू लागली तेव्हा सौ.ने तिच्या पानात आमटी वाढली.

तर यंदा कपाट पुसताना ते पुस्तक हाती आले, ते असे. मी ते परत कप्प्यात ठेवणार होतो. इतक्यात आई भाजणीचे हात पदराला पुसत आली. "काय सापडलं?" मी वेष्टण दाखवले. तिने हातात घेतले, नाव वाचले आणि म्हणाली, "हे मी वाचलेलं दिसत नाही."

मी काही बोललो नाही. "राहू दे की, दुसरं वाच" हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते, पण ते तिचे वाक्य होते.

तीन दिवस ती वाचत होती. दुपारी करंज्यांचे सारण निवेपर्यंत, रात्री चष्मा कपाळावर सरकवून. एकदा बाहेरच्या खोलीतून मोठ्याने हसण्याचा आवाज आला. मी गेलो. "अरे, ही बघ ना, या वयात गाडीवर बसून सुटलीय उतारावरून!" डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली. मग तिने ते पान लेकीला इंग्रजीतून वाचून दाखवले, मध्ये मध्ये मराठी करीत. लेकही हसली. मी दारात उभा राहून ऐकले. सोळाव्या वर्षी ज्या पानावर मी चिडलो होतो ते सबंध पुस्तकातले एकमेव जिवंत पान आहे हे मला तेव्हा कळले. तिथे कोणाला काही अंधूक आठवत नाही. तिथे सगळे स्वच्छ दिसते आहे. गाडीचा रंग, उतार, वारा.

चौथ्या दिवशी सकाळी पुस्तक संपले. मी चहा घेत होतो. आईने सवयीने पेन्सिल मागितली, शेवटचे पान उलटले आणि थांबली.

"हे कोणी लिहिलंय?"

मी कपाशी चाळा करीत राहिलो.

"निराशा म्हणे! कोण आगाऊ बाई ही?" तिने पुस्तक डोळ्यांजवळ नेले, दूर धरले, पुन्हा जवळ नेले. बराच वेळ ती त्या ओळीकडे पाहत राहिली. "अक्षर तर माझंच दिसतंय रे."

"तुझंच आहे, आई. सत्त्याहत्तर सालची दिवाळी."

तिने बोटांवर हिशेब केला. हिशेबात ती अजून चुकत नाही.

"एकोणतीस वर्षांची होते मी," ती म्हणाली. "तिला काय कळतंय!"

आणि जुन्या ओळीला हात न लावता तिने खाली नवी तारीख घातली. पुढे काय लिहिले ते मी अजून पाहिलेले नाही. पुस्तक तिच्या उशाशी आहे, आणि शेवटचे पान आधी उघडायचे नाही हा आमच्या घरचा कायदा आहे.